आमचा नसलेला भाऊ

माझ्या भावाला भाऊ म्हणायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. मोठ्याने नाही, पुटपुटून नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. तो मोडला तर पोर हातचं जाईल, असं मायने मला समोर बसवून सांगितलं होतं, आणि माझ्या मायला गंमत करायची सवय नव्हती. त्याला नाव ठेवलेलं नव्हतं. त्याच्याविषयी बोलणं भागच पडलं तर माय त्याला 'तठला' म्हणायची, म्हणजे तिथला, तिकडचा. तठलाले सर्दी व्हयनी, तठला हासाले लागना. मी पाचवीत होते आणि मला झोपेत बडबडायची खोड होती. आपण झोपेत 'मना भाऊ', माझा भाऊ, म्हणून जाऊ या भीतीने मी निजताना चादरीचं टोक दातांत धरायचे. सकाळी ते टोक ओलं असायचं, आणि माय ते बघून चादर वाळत घालायची.

माझ्यानंतर मायला दोन मुलगे झाले आणि दोन्ही तान्हेपणीच गेले. आमच्या खानदेशात अशा घरी तिसरं मूल झालं की ते आपलं नाहीच असं दाखवायची रीत आहे. सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, दुसऱ्या कुणी उचलायचं, आणि मग जावळ काढायच्या वेळी सूपभर धान्य देऊन आपण ते विकत घ्यायचं. तोवर ते परक्याचं. तान्ही पोरं नेणारी सटवाई शोधत आली तरी तिला वाटावं, या घरात काही नाही. गावात कितीतरी उखर्डू आणि उखा नावाचे म्हातारे हिंडायचे, ते सगळे असेच वाचलेले. पण सुरतेत, डिंडोलीच्या आमच्या गल्लीत उकिरडा कुठला? नगरपालिकेची कचरापेटी होती आणि तिच्यात डुकरं. म्हणून दुसऱ्या भावाच्या वेळी मायने तो समोरच्या मंगलाकाकूंच्या ओटीत घातला होता आणि दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, देऊन परत घेतला होता. तरी तो गेला. मायने त्यावर पुष्कळ विचार केला असावा. मंगलाकाकू आमच्याच तालुक्यातल्या, दार समोरासमोर, बोली एकच. सटवाईला फसवायला ते फारच जवळ झालं, असं तिने ठरवून टाकलं. या वेळी मूल खरोखर लांब जायला हवं होतं.

लांबची जागा सापडली ती फुईमुळे. फुई म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, विधवा बहीण. ती स्टेशनकडच्या एका अनाथाश्रमात लंगोट धुवायच्या कामाला होती. आश्रमाच्या फाटकाबाहेर लोखंडी पाळणा टांगलेला होता. ज्यांना मूल नको असेल त्यांनी त्यात ठेवून घंटा वाजवून निघून जावं. माझा भाऊ दवाखान्यातून घरी आलाच नाही. अण्णांनी त्याला भर दुपारी त्या पाळण्यात ठेवलं, घंटा फुईनेच वाजवली आणि आतल्या बाईंना हाक मारून सांगितलं की कुणीतरी पोर टाकून गेलं. आज हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो. पण त्या तिघांच्या मनात तेव्हा एवढंच होतं, की जावळापर्यंत पोर तिथे राहील, फुई दिवसभर जवळ असेल, आणि मग आपण दादर नेऊन त्याला घेऊन येऊ. गावात हेच तर करतात. फक्त उकिरड्याच्या जागी पाळणा आला होता.

गल्लीला सगळं ठाऊक होतं आणि गल्लीने ते उत्तम सांभाळलं. बारसं नाही, घुगऱ्या नाहीत, मायला कुणी बाळंतीण म्हटलं नाही. मंगलाकाकू डिंकाचे लाडू द्यायला यायच्या तेव्हा दारातूनच मोठ्याने म्हणायच्या, कंबर दुखते म्हणत होतीस ना, त्यावर हे खा. आमचं घर म्हणजे एक खोली, आणि तिच्यात अर्ध्या उंचीपर्यंत साड्यांचे गठ्ठे. माय मार्केटमधून आलेल्या साड्यांच्या मागचे लोंबते धागे कापायची. ते रंगीत धागे सगळीकडे असत, अंथरुणात, पिठात, भाकरीतसुद्धा. कळण्याच्या भाकरीच्या घासातून मी एकदा हिरवा धागा ओढून काढला होता. मागच्या भिंतीपलीकडे लूमचं खातं होतं, कापड विणायचा कारखाना. खटखट, खटखट, दिवसभर. अण्णा तसल्याच एका खात्यात बारा तास उभे राहायचे आणि घरी आले की ओरडून बोलायचे, कारण कान बंद झालेले. मायला सतत त्यांना हाताने खूण करावी लागे, हळू. आमच्या घरात तेव्हा हळू बोलणं हे मोठं काम होतं.

रोज दुपारी माय आश्रमात जायची. फुईने तिथल्या व्यवस्थापक बेनना सांगून ठेवलं होतं की माझ्या वस्तीतल्या एका बाईचं मूल गेलं आहे, तिला दूध आहे, ती पोरांना पाजेल. बेनना आनंदच झाला. माझी माय अशी परकी होऊन आपल्याच मुलाला पाजायला बसायची. संशय नको म्हणून आधी दुसरं एखादं पोर घ्यायची, मग त्याला. मला शाळा नसली की बरोबर न्यायची, पण मी त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही अशी ताकीद. मी खिडकीतून चबुतऱ्यावरची कबुतरं बघत बसायचे. आश्रमाच्या अंगणात दाणे टाकायचा उंच चबुतरा होता, जसा गुजरातेत गावोगाव असतो. निघताना माय त्याच्या टाचेला काजळाचा ठिपका लावायची. कपाळावर लावला तर कुणाच्या नजरेत येईल, म्हणून टाचेला. आश्रमाने त्याचं नाव मितेश ठेवलं होतं. ते ऐकून मायला बरंच वाटलं. परक्यांनी ठेवलेलं नाव जितकं परकं तितकं चांगलं.

मग एके दिवशी एका गुजराती पेपरात त्याचा फोटो छापून आला, की या बाळाचे कुणी नातेवाईक असतील तर त्यांनी यावं. अण्णांनी तो चहाच्या गाडीवर पाहिला. कापड घेतल्यासारखी त्यांनी पेपराची नीट घडी घातली, घरी आणली आणि मायला दाखवली, आणि दोघंही खूश झाले. छापून आलं होतं ना, की याचं कुणी नाही. सटवाईला याहून मोठा पुरावा कुठला द्यायचा? पोलिसही आश्रमात चौकशी करून गेले, तेव्हा फुईने मान हलवली, मी कुणाला पाहिलं नाही. आपण एकेक दार आतून बंद करत चाललो आहोत, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

ते कळलं एका संध्याकाळी. माय तव्यावर भाकरी टाकत होती आणि फुई दारात चपला न काढताच उभी राहिली. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"वहिनी, तठलाले बाहेर देशमा लई जाई राहिनात," ती म्हणाली. "गोरा लोकेस्ना फोटो येल शे. विमानमा लई जातीन."

भाकरी तव्यावरच जळली. त्या गोऱ्या जोडप्याने मितेशसाठी निळी लोकरीची टोपीसुद्धा धाडली होती, आणि कोर्टाचा हुकूम झाला की ते घ्यायला येणार होते. आधी आश्रमाने इथलीच घरं शोधली होती, पण पोर अशक्त आणि काळंसावळं, दोन घरांनी बघून नको म्हटलं होतं. यातलं काहीच फुईला कळलं नव्हतं, कारण ती धुण्याच्या दगडापाशी असायची. अण्णा कामावरून आले, केसांत कापसाची भुरी, आणि त्यांना हे हाताच्या खुणांनी सांगता येईना आणि मोठ्याने बोलताही येईना. शेवटी फुईने त्यांच्या कानाला तोंड लावून सांगितलं. ते भिंतीला टेकून खालीच बसले.

त्यानंतरच्या दिवसांत प्रत्येकाची भीती वेगळी होती आणि कुणाचीच दुसऱ्याच्या कामाची नव्हती. अण्णांना पोलिसांची भीती. पोर टाकणं गुन्हा आहे असं त्यांना खात्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं. पोर माझं म्हणायला गेलो की बेड्या, आणि मग हे घर कोण चालवणार? फुईला नोकरीची आणि ती खोटं बोलली होती त्याची. मायला या दोन्हीचं काही नव्हतं. तिला फक्त तोंडातून शब्द काढायची भीती होती. जावळ व्हायचं होतं. त्याआधी माझा म्हटलं तर मागच्या दोघांसारखा जाणार, आणि नाही म्हटलं तर विमानाने जाणार. एकदा अण्णा म्हणाले की फुईने लंगोटांच्या बोचक्यात घालून त्याला बाहेर आणावं. फुई उठून चालायला लागली. आणि मला वाटे, तठला गेला की पुढे मलाही नेतील. शाळेतून येताना गाडी दिसली की मी गटाराच्या कडेने पळायचे. विमान मी कधी जवळून पाहिलं नव्हतं, पण आकाशात आवाज आला की मी साड्यांच्या गठ्ठ्यांमागे लपायचे.

परदेशात मूल द्यायचं तर आश्रमाच्या शब्दावर चालत नाही, कोर्ट एका वेगळ्या, त्यात काही हितसंबंध नसलेल्या माणसाला सगळं तपासायला लावतं, दिल्लीच्या कचेरीची परवानगी लागते, हे मला खूप वर्षांनी समजलं. तेव्हा एवढंच कळलं की एक बेन आश्रमात आल्या होत्या आणि त्यांनी मितेशला पूर्ण उघडा करून पाहिलं. निरुबेन त्यांचं नाव. टाचेवरचं काजळ त्यांना दिसलं. बाकी कुठल्याच पोराला ते नव्हतं. टाकलेल्या पोराला रोज ताजं काजळ कोण लावतं, असं त्यांनी विचारलं. मग त्यांनी दूध पाजायला येणाऱ्या बाईचा पत्ता मागितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आमच्या गल्लीत आल्या. खांद्याला पिशवी, पायात साध्या चपला, पन्नाशीची बाई. मी दाराच्या फटीतून बघत होते. त्या आधी आमच्याकडे आल्याच नाहीत. समोर मंगलाकाकूंकडे गेल्या, मग त्यांच्या शेजारी, मग नळावर. प्रत्येक ठिकाणी विचारलं, या घरात तान्हं मूल आहे का, झालं होतं का. आणि माझी सोन्यासारखी गल्ली, आमच्यावर जीव टाकणारी, एकजात खोटं बोलली. मंगलाकाकूंनी तर गळ्याची शपथ घेतली की यांना एकच पोरगी. मला आतून ओरडायचं होतं, काकू, नको ना. पण ओरडायचं काय, तो शब्द तर मलाही बंद होता.

त्या आत आल्या. माय साडीचे धागे कापत बसली होती, ती उठली नाही. मला वाटतं तिला उठता आलं नाही. निरुबेन गठ्ठ्यावर टेकल्या, पाणी प्याल्या, मला कितवीत आहेस विचारलं. मायला गुजराती येत नव्हतं, म्हणून मधे मी. अण्णा रात्रपाळीचे म्हणून घरीच होते, कोपऱ्यात उकिडवे. त्यांना ऐकू काय येत होतं कुणास ठाऊक, पण ते त्या बेनच्या पिशवीकडे अशा नजरेने बघत होते की आत बेड्याच असाव्यात.

"आ छोकरो कोनो छे?" निरुबेननी मितेशचा फोटो पुढे करून विचारलं.

हा पोरगा कुणाचा, मी मायला विचारलं. मायने कात्री न थांबवता म्हटलं, "मना नही." ते गुजरातीत सांगायची गरज नव्हती, मान हललेली त्यांना दिसली होती. तरी मी म्हटलं, "ना पाडे छे."

त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सावकाश सांगितलं आणि मी वाक्य वाक्य मायला देत गेले. ते लोक चांगले आहेत, मुलाला जपतील. पण मुलाचा पहिला हक्क त्याच्या आईवर असतो, गरिबी हे काही आईकडून मूल नेण्याचं कारण नाही. तिला तो नको असेल तर तिने तसं सांगावं, तिला कुणी बोल लावणार नाही. पण कोर्ट मला विचारणार आहे, याचं खरंच कुणी नाही का. मी एकदा नाही लिहिलं की नंतर त्याला कुणीच परत आणू शकणार नाही, मीसुद्धा नाही. मला कुणाला पकडून द्यायचं नाही. एवढं बोलून त्या थांबल्या. मागे खटखट चालू होती. आणि मग मला दिसलं की मायची कात्री धागा सोडून साडीतच शिरली आहे. गुलाबी जॉर्जेटची साडी होती, मधोमध हातभर फाटली. मायने ती बघितली, कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"शोभी," ती अगदी हळू म्हणाली, "यास्ना बोलीमा 'मना' ले काय म्हंतस?"

"मारो," मी म्हटलं.

मायने आधी दाराकडे पाहिलं. उठून दार लावून घेतलं. खिडकीवर एक साडी टाकली. मग निरुबेनच्या समोर येऊन बसली आणि सुरतेत इतकी वर्षं राहून जी बोली तिच्या तोंडून कधी निघाली नव्हती, तिच्यात म्हणाली, "मारो छे." आणि पदर तोंडात कोंबला. अण्णा कोपऱ्यातून एकदम मोठ्याने म्हणाले, काय सांगितलं तिने? कुणीच त्यांना खूण केली नाही.

मग मी सगळं सांगितलं. उकिरडा, सूप, मंगलाकाकू, आधीचे दोघं, जावळ. मी कुठे अडखळले तर निरुबेन वाट बघायच्या. त्यांनी दवाखान्याचं नाव विचारलं, तारीख विचारली, तिथे जाऊन सगळं पडताळलं, गल्लीत पुन्हा फिरल्या. त्या वेळी गल्लीने खरं सांगितलं, पण तेही घराची दारं लावून. संध्याकाळी मी मायला विचारलं की आता सटवाईला कळलं असेल का. माय पीठ मळत होती. "ती आपला गावनी शे," ती म्हणाली. "तिले गुजराती कोठे येस?" हे ती मला समजावत होती की स्वतःला, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नक्की सांगता येत नाही.

कोर्टात अण्णा हात जोडून उभे राहिले ते शेवटपर्यंत. साहेबांनी खूप खडसावलं, पोर पाळण्यात टाकायला ते खेळणं आहे का म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. मराठी समजणारा माणूस मुद्दाम बोलावून ठेवला होता, तरी माय तेच दोन शब्द गुजरातीतच बोलली आणि गप्प झाली. हुकूम झाला की मूल घरी द्यावं आणि निरुबेननी अधूनमधून येऊन बघावं.

तोवर जावळाचे दिवस आलेच होते, आणायच्या दिवशी माय डोक्यावर सूप घेऊन आश्रमात गेली. सुपात दादर, गावाहून मुद्दाम मागवलेली, निवडलेली. तिने ते व्यवस्थापक बेनच्या टेबलावर ठेवलं. बेन दचकून मागे झाल्या. मुलाच्या बदल्यात आम्ही काही घेत नाही, त्या म्हणाल्या, दाणासुद्धा नाही. निरुबेनही तेच म्हणाल्या, उलट जास्त कडकपणे. मुलाच्या बदल्यात कुणी काही घेऊ नये हे बघणं हेच तर त्यांचं काम होतं. आणि माय म्हणे, दिल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. फुकट नेला तर तो विकत घेतलेला होत नाही, मग तो माझाच, मग तो जाणार. निळी टोपी घातलेला मितेश आयाच्या कडेवर होता, मायकडे बघून हात पुढे करत होता, आणि माय हात मागे बांधून उभी होती. इतकं सगळं होऊन आता इथे अडणार, असं वाटून मला रडू फुटलं.

निरुबेननी खिडकीतून चबुतऱ्याकडे पाहिलं. मग सूप उचललं, मायच्या हातात दिलं आणि तिला अंगणात चबुतऱ्यापाशी नेलं. माणसाला देऊ नकोस, त्या म्हणाल्या, यांना दे. मायने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, जशी मला त्यातलं फार कळत होतं. तिने सगळी दादर चबुतऱ्यावर ओतली. पण आम्ही इतके जण तिथे उभे, कबुतरं कौलांवरच बसून राहिली. कुणी हललं नाही. फुईचे ओठ पुटपुटत होते. बेन, निरुबेन, आया, सगळ्या श्वास धरून वर बघत होत्या. शेवटी एक करड्या रंगाचं कबूतर खाली आलं, इकडेतिकडे बघितलं आणि एक दाणा उचलला. मायने सूप टाकलं आणि आयाच्या कडेवरून तठलाला ओढूनच घेतलं.

त्या टोपीचं मला पुढे वाईट वाटत राहिलं. कुठेतरी एक बाई पाळणा मांडून बसली असेल, तिला काय कळवलं असेल? मायने टोपी कधी टाकली नाही. नाव बदलायचं अण्णांच्या मनात होतं, पण माय ऐकेना, म्हणून खानदेशी घरात एक मितेश वाढला. आज तो हजीऱ्याला एका कारखान्यात आहे, डोक्यावरचे केस विरळ झालेत, दोन मुली आहेत. मायच्या गच्चीवर रोज सकाळी दादर पडते.

मागच्या महिन्यात मायच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला आम्ही दोघं तिला घेऊन गेलो. काउंटरवरची मुलगी आपल्याकडचीच होती, आमचं बोलणं ऐकून मराठीत म्हणाली, आजी, हा तुमचा मुलगा का? एका डोळ्याने दिसत नव्हतं तरी मायने वळून दाराकडे पाहिलं, मग पुढे वाकून हळूच म्हणाली, "मारो छे." त्या मुलीला वाटलं आजी गुजराती आहेत, ती पुढचं सगळं गुजरातीत विचारायला लागली. मितेश हसला. मी हसले नाही. मी उठून दार लावून आले.